रंग धरलेलं पाणी

आमच्या घरात दोन बाटल्या शेजारीशेजारी ठेवायच्या नाहीत, असा आईचा कडक नियम होता. एक ग्लिसरीनची आणि दुसरी लाल दवेची. ग्लिसरीन फळीच्या या टोकाला, लाल दवा त्या टोकाला, आणि मधे कापसाची गुंडाळी, कात्री, बाळंतपणाच्या पिशवीतला साबण असा सगळा सरकारी संसार. कारण विचारलं तर आई सांगत बसायची नाही, दाखवायची. एकदा तिनं अंगणात फरशीच्या तुकड्यावर कागद ठेवला, कागदावर लाल दवेचे चिमूटभर खडे ठेवले, वर ग्लिसरीनचे दोन थेंब टाकले आणि मला दंडाला धरून मागं ओढलं. काहीच झालं नाही. मी हसणार तेवढ्यात खड्यांतून धूर निघाला आणि जांभळट जाळ उठला. काडी नाही, कोळसा नाही, भर उन्हात आपला आपण पेटलेला जाळ. "बघितलंस?" आई म्हणाली. "आता घर पेटवायचं असलं तर खुशाल शेजारी ठेव." त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या फळीकडे पाठ करून झोपत नसे.

आई गावच्या उपकेंद्रातली नर्स. गाव तिला सिस्टरबाई म्हणायचं आणि मला सिस्टरची शोभी. वडील जालन्याला एका कारखान्यात होते, शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. आम्हाला दोन खोल्या मिळालेल्या. एकीत रोगी, दुसरीत आम्ही. भिंत अशी पातळ, की माझी उजळणी रोग्यांना पाठ आणि त्यांचं कण्हणं मला पाठ. भाकरी थापण्याचा आवाज, स्टोव्हवर सुया उकळणाऱ्या पातेल्याची खुडखुड आणि शेंगदाण्याच्या चटणीत मिसळलेला डेटॉलसारखा काहीतरी वास, हे माझं लहानपण. भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराच्या आमटीलासुद्धा आमच्याकडे थोडी दवाखान्याची चव असायची. शेजारणी आमच्याकडे जेवायला का बसत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

लाल दवेच्या बाटलीवर पोटॅशियम परमँगनेट असं छापलेलं होतं, पण ते नाव गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आणि लाल म्हणायची तर ती लाल कधीच नव्हती. बाटलीत काळे-जांभळे, चकाकणारे बारीक खडे. पाण्यात टाकला की खडा बुडताना मागं जांभळा दोरा सोडत जायचा, मग सगळं पाणी पिकल्या जांभळासारखं. आणखी पाणी घातलं की गुलाबी. आणि हाताला लागून वाळलं की तपकिरी, तंबाखू मळल्यासारखं. तो डाग साबणानं जात नसे, कातडीबरोबरच जायचा. आईची बोटं बारा महिने तशीच असायची. पावसाळ्यात चिखलात राबून बायकांच्या पायांच्या बोटांत चिखल्या व्हायच्या, त्या दवेच्या पाण्यात पाय बुडवून आमच्या ओट्यावर रांगेनं बसायच्या. घसा धरला, गुळण्या. खरूज झाली, आंघोळ. गळू फुटलं, पट्टी. धोंडूनानांच्या टाचेला तर चांगला बोराएवढा खड्डा होता. आईच्या आधीच्या काळात त्यांना साप चावला होता, तेव्हा कुणा जुन्या ड्रेसरनं पात्यानं टाच चिरून त्यात हे खडे ठासून भरले होते. त्या काळी म्हणे तीच रीत होती. नाना तो खड्डा येईल त्याला अभिमानानं दाखवायचे, "ह्या दवेनं मला वाचिवलं." आई घरात आल्यावर म्हणायची, "साप बिनविषारी असणार. खड्डा पडला तो दवेनंच." पण हे तिनं नानांना कधी ऐकवलं नाही.

त्या वर्षी भादव्यात गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी वस्तीवरची एक म्हातारी गेली, मग चार दिवसांत घरटी एकेक माणूस अंथरुणाला लागलं. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर तालुक्यालाच संपली होती. आठ दिवसांनी येईल, असा निरोप आला. आठ दिवस थांबणाऱ्यातली आई नव्हती. तिनं फळीवरची मोठी बाटली काढली. ही जुन्या लोकांची पद्धत, ती तिला तिच्या शिकवणाऱ्या सिस्टरनं सांगितलेली. सकाळी बादलीत खडे विरघळवायचे, ती बादली विहिरीत ओतायची, मग पोहऱ्यानं पाणी खालीवर करायचं, सगळी विहीर जांभळी होईपर्यंत. दुपारी पेलाभर पाणी काढून बघायचं. फिकट गुलाबी रंग टिकलेला असला तर विहिरीनं रंग धरला. मग काठावर चुन्याचा गोल काढायचा, संध्याकाळपासून पाणी प्यायला मोकळं. रंग गेला असला, तर पाण्यात काहीतरी सडकं-कुजकं आहे आणि दवा त्याच्याशीच झगडून संपली. मग फुली मारायची, त्या विहिरीचं पाणी कुणी प्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा दवा. सकाळचं काम आईचं. दुपारी ती रोग्यांत अडकलेली, म्हणून पेला आणि चुन्याची वाटी माझ्याकडे. काचेचा पेला घरी आणायचा, आई तो आपल्या पांढऱ्या पदरापुढे धरून बघायची आणि मगच "काढ गोल" म्हणायची. मला त्या कामाचा फार रुबाब वाटायचा. सहावीतल्या पोरीच्या हातात गावच्या विहिरी.

ते दिवस मला अजून दिसतात. भर दुपार, उघाड पडलेली, आणि एकाही विहिरीवर माणूस नाही. रहाटाचा आवाज बंद, घागरींचा बंद. गल्लीतून जाताना उंबऱ्यात बसलेली माणसं दिसायची ती सगळी तपकिरी बोटांची, तपकिरी ओठांची, जणू एकाच घराण्यातली. धुणं वाळत घातलेलं, तेही तपकिरी. लहान पोरं माझ्या हातातला पेला बघून आईच्या मागं लपायची. मी विहिरीत वाकले की खाली काळ्या-जांभळ्या पाण्यात माझं तोंड दिसायचं, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. पुढं जालन्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत माझी उभी नोकरी झाली, आणि नशीब असं थट्टेखोर की दरवर्षी पोरांना याच दवेचं टायट्रेशन शिकवायचं. थेंब थेंब सोडायचा, रंग जात राहील, ज्या थेंबाला गुलाबी टिकेल तिथं थांबायचं. पोरं कंटाळून दोन थेंब जास्त सोडायची आणि आकडा जुळवून आणायची. त्यांच्यावर मी जेवढी ओरडले, तेवढी आयुष्यात कुणावरच ओरडले नाही.

माझी मैत्रीण नंदा. तिच्या वाड्यामागं त्यांची दगडी विहीर, पायऱ्यांची, आत भिंतीच्या खबदाडांत पारवे. दिवसभर विहीर घुमायची. गावात अर्ध्या गल्लीचं पाणी तिथलं. त्या विहिरीनं पहिल्या दिवशी रंग धरला नाही. दुसऱ्या दिवशी आईनं दुप्पट खडे टाकले, तरी दुपारी पेल्यात नितळ पाणी. मी फुली मारली आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. नंदाची आई, भागामावशी, ही तिच्या वडलांची, आबांची, दुसरी बायको. पहिलीला सगळे थोरली म्हणायचे, आणि थोरली त्याच विहिरीत गेली होती. पाय घसरून, असं घरचे सांगायचे. पाणी भरायला आलेल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन काठापासून लांब उभ्या राहिल्या. "थोरली रंग पिऊन राह्यली," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "कुंकू लागून राह्यलं ना घरात. तिला बघवंना गेलं." भागामावशी दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि आत जाऊन कडी लावली.

कुंकू म्हणजे सोयरीक पक्की करणं; नंदाची मोठी बहीण सुमनताई, तिला कुंकू लावायला तीर्थपुरीचे पाहुणे चौथ्या दिवशी सकाळी यायचे होते. तिसऱ्या दुपारी मी पेला घेऊन गेले तेव्हा नंदा काठावर आधीच बसलेली. मी पायऱ्या उतरले. ऊन सरळ आत पडलं होतं. सकाळी आईनं ओतलेला रंग मधोमध थोडा राहिला होता, कडेचं पाणी पांढरं पडलेलं, आणि तो मधला जांभळा डाग हळूहळू आकसत खाली चालला होता. कुणीतरी तळातून ओढून घेतंय असं मला दिसलं. दिसलं म्हणते, वाटलं नव्हे. आणि त्याच वेळी पारवे घुमायचे थांबले. सगळे एकदम.

"ती हाये का गं?" नंदानं विचारलं. सिस्टरच्या पोरीनं खरं तर हसायला हवं होतं. मी पेला भरून पळत वर आले. पेल्यात नितळ पाणी.

"शोभे, उद्या पाहुणे येऊन राह्यले," नंदा म्हणाली. "आल्या आल्या हातपाय धुवायला हितंच येतील. फुली बघितली तं बिलकुल बसणार न्हाईत. म्हणतील, घराला मेलेल्या बाईची हाय हाये. मंग सुमाआक्काला कोन करील?" ती रडत नव्हती. रडली असती तर मी कदाचित नाही म्हणाले असते. माझ्या झग्याच्या खिशात कागदाची पुडी होती, देवळापुढच्या हौदासाठी आईनं दिलेली. नंदाला ती ठाऊक होती. "येक खडा," ती म्हणाली. "येकच. परवा तू फुली मार, मी काय म्हणणार न्हाई." एक खडा टाकला, रंग फार गडद झाला. मग तिनं अर्धा पेला ओतून दिला, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा ओतलं. बरोबर जमला. मी पेला झग्याच्या घोळाखाली झाकून घरी नेला. आईनं पदरापुढं धरला, तिचे डोळे दोन रात्रींच्या जागरणानं लाल झालेले. "आला बाई एकदाचा," ती म्हणाली. "काढ गोल." मी इतका सुबक गोल कधीच काढला नव्हता.

पाहुणे आले, हातपाय धुतले, येसराची आमटी आणि बुंदी जेवले, सुमनताईला कुंकू लावून दुपारच्या जीपनं गेलेही. त्यांच्यातलं कुणी आजारी पडलं नाही, हे मला आजवर न उलगडलेलं आहे. आजारी पडलं ते घर. दुसऱ्या सकाळी आबांना जुलाब, भागामावशीला उलट्या, आणि नंदा तर उभी राहू शकेना. आई धावली. शिळ्या बुंदीनं झालं असेल, असा तिचा अंदाज. सलाईन आणि जीपसाठी घनसावंगीच्या दवाखान्यात माणूस पाठवला, आणि तोवर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत राहायचं. उकळायला हवं होतं, पण सरपण ओलं, आजारी माणसं तीन आणि ही विहीर तर गोल काढलेली. आई म्हणाली, "शोभे, जल्दी पाणी शेंदून आण."

मी शेंदलं. त्या विहिरीतून, माझ्या हातानं. घागर आणून आईपुढं ठेवली, तिनं त्यात साखर ढवळली, मीठ ढवळलं आणि पेला नंदाच्या तोंडाला लावला. नंदानं डोळे उघडले. पाणी कुठलं ते तिला माहीत होतं. माझ्याकडे बघत बघत ती सगळा पेला प्याली. मला अजून तो गिळण्याचा आवाज ऐकू येतो. मी बोलायला हवं होतं. बोलले असते तर गोल पुसला जाणार, थोरली पुन्हा वर येणार, तीर्थपुरीला निरोप जाणार, आणि आईच्या पदरापुढं मी काय धरलं होतं ते आईला कळणार. यातलं शेवटचं भय सगळ्यात मोठं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. दुसरा पेला प्याली. तिसरा. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून. ती माझ्यावर नजर ठेवून होती, मी तोंड उघडू नये म्हणून.

मग तिचा धाकटा भाऊ बाळू गोड पाण्यासाठी रडायला लागला. तीन वर्षांचं पोर, त्याला अजून काहीच झालं नव्हतं. "घे बाबा तूही," म्हणून आईनं पेला त्याच्या ओठाशी नेला, आणि जिला मान उचलता येत नव्हती त्या नंदानं हात झटकून तो पेला उडवला. पेला भिंतीवर फुटला. "अगं, असं काय करतेस?" आई म्हणाली. नंदानं माझ्याकडे पाहिलं. आता त्या नजरेत गप्प राहा नव्हतं.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, दोन वाक्यांत. आईनं मारलं नाही. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "किती खडे टाकलेस?" मी म्हटलं, "एक." तिनं मान हलवली, घागर उकिरड्यावर ओतली, बाहेर जाऊन तळव्यानं गोल पुसला आणि त्या जागी मोठी फुली मारली. मग धोंडूनानांच्या मळ्यातलं पाणी आणायला माणूस पिटाळला. सगळं नेहमीच्या आवाजात. जीप आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जीपमधे नंदाचं डोकं माझ्या आईच्या मांडीवर होतं. घनसावंगी दिसायच्या आधीच ती गेली.

पुढं गावानं इंजिन लावून विहीर उपसली. तळाला ना हाडं निघाली, ना बांगडी. गुडघाभर काळा, सडलेला गाळ आणि गोठ्याच्या बाजूनं भिंतीत पडलेलं एक भगदाड, त्यातून मुतारीचं पाणी आत झिरपत होतं. रंग तोच पीत होता. तरी काठावरच्या बायका म्हणाल्याच, थोरलीनं पोरगी नेली. तेव्हा आई पुढं झाली. "थोरलीबिरली काही नाही," ती म्हणाली. "रंग मी बघितला. माझी चूक झाली. बोलायचं ते मला बोला." माझं नाव तिनं घेतलं नाही. आबा तोंड फिरवून घरात गेले. थोरलीचं नाव मागं पडलं, सिस्टरबाईंचं पुढं आलं. सुमनताईचं लग्न त्याच माघात झालं. आमची वडीगोद्रीकडे बदली झाली ती त्याआधीच. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली आणि या गोष्टीवर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माझा भाचा डॉक्टर आहे. तो म्हणतो, मावशी, त्या दवेचा विहिरीत तसाही फारसा भरवसा नव्हता, आणि तुमची मैत्रीण त्या तीन पेल्यांनी गेली असं काही नाही, आजार आधीच अंगात होता. असेल. तो शिकलेला आहे. पण ते तीन पेले बघताना तो तिथं नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मी तीर्थपुरीला सुमनताईंकडे गेले. त्या आता थकल्या आहेत, नातवंडं आहेत, दारात ट्रॅक्टर आहे. मी ठरवून गेले होते, त्यामुळे पाणी प्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. खडा, पेला, गोल, नंदाचं बोलणं, "मंग सुमाआक्काला कोन करील" हे सुद्धा. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. त्या शिव्या देतील, रडतील, जा म्हणतील, अशी सगळी तयारी मी करून गेले होते.

"मला त्यो पोरगा पसंत न्हवता," त्या हळूच म्हणाल्या. आतल्या खोलीकडे त्यांनी एकदा पाहिलं. "मला कोन्हीच इचारलं न्हवतं. नंदीला सांगणार होते मी. आबा तिचं ऐकायचे. म्हणलं, आज पाहुण्यांची गर्दी हाये, जाऊ दे त्यांला, उद्या सकाळी तिला बराबर समदं सांगू."

आतून त्यांच्या मालकांनी विचारलं, कोण आलंय, चहा झाला का. "व्हय, टाकते," सुमनताईंनी उत्तर दिलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. दारापर्यंत गेल्या, तिथून माझ्याकडे वळल्या.

"तू फुली मारली असती ना शोभे," त्या म्हणाल्या, "तं आमी दोघीबी सुटलो असतो."